तिखट ओट्सना भरिताची फोडणी

ओट्स दूध-मधातच बरे, तिखट केले की बुळबुळीत होतात, असं वर एकांनी लिहिलंय. बुळबुळीत होतात हे खरं, पण त्यासाठी तिखट सोडायची गरज नाही. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूमुळे तो चिकटपणा येतो. आधी कोरडेच मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजा, मग उकळतं पाणी घाला आणि सारखं ढवळत बसू नका.

आमच्याकडे जळगावला हिवाळ्यात वांग्याच्या भरिताला जी फोडणी असते, तीच मी यात देते. तेलात शेंगदाणे तांबूस होऊ द्यायचे, मग जिरं, ठेचलेला लसूण आणि हिरव्या मिरच्या. लसणाच्या कडा सोनेरी झाल्या की कांद्याची पात टाकून लगेच गॅस बंद. पात करकरीत राहिलीच पाहिजे, ती शिजली की मजा गेली. ही फोडणी गरम ओट्सवर ओतायची, वर भरपूर कोथिंबीर. मीठ मात्र शिजतानाच पाण्यात घाला, नंतर घातलेलं नीट मुरत नाही.

आणि गोडच हवं असेल तर काळे ठिपके पडलेलं केळं तुपावर परतून घाला, वेगळी साखर लागत नाही.