अनुभव धागा : दौरा, मैदान आणि किचनच्या बाजूचं दार

आल्टो_अलिबाग

नमस्कार मंडळी. मी आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. पोट भरतं ते रिसेप्शनांवर आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांवर. जॅझ वाजवतो उरलेल्या तारखांना, बऱ्याचदा पदरमोड करून. मागच्या डिसेंबरात आम्ही चौघांनी पुणे, कोल्हापूर, पणजी असा छोटा दौरा केला. त्यातल्या एका रात्रीबद्दल लिहायचं डोक्यात होतं, पण एकट्याचंच रडगाणं नको म्हणून धागा काढतोय.

गोव्यातल्या एका हॉटेलच्या हिरवळीवर कार्यक्रम होता. काळा कोट आणि बो टाय सक्तीचा, व्हॉट्सॅपवर दोनदा बजावलेलं. पोचल्यावर तिथला माणूस म्हणाला, "आर्टिस्ट लोकांनी किचनच्या बाजूनं यायचं." आलो. कांद्याच्या गोण्या, ओली फरशी, भांडी घासणाऱ्या दोन मावश्या, आणि त्यातून बो टाय सावरत जाणारे आम्ही. दीड तास वाजवलं. लोक खूश. जेवणाचं विचारलं तर "ड्रायव्हर लोकांचं मागे मांडलंय, तिकडेच." ड्रायव्हरांसोबत जेवायला माझी काही ना नाही, आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर आम्हा चौघांपेक्षा गप्पिष्ट आहे. पण पुढे पंधरा पदार्थ आणि मागे भात नि पातळ डाळ, हे लागलं.

बासवाला म्हणाला, "चला, आपण एलिंग्टनच्या पंगतीला बसलो." तेव्हा हसलो, पण गाडीत बसल्यावर ते हसणं मलाच खटकलं. ड्यूक एलिंग्टन, जॅझचा मोठा काळा बँडलीडर, तीसच्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत फिरायला रेल्वेचे स्वतंत्र डबे भाड्यानं घ्यायचा. हौस म्हणून नव्हे. ज्या गावात टाळ्या पडायच्या त्याच गावात काळ्या माणसाला हॉटेलात खोली मिळत नसे. वाजवायचं आणि झोपायला परत यार्डात जायचं. आम्ही किचनमधून बाहेर पडलो की रस्त्यावर आम्हाला कुणी काही विचारत नाही. त्याचं ते मागचं दार त्याच्याबरोबर गावभर फिरायचं.

खरा प्रश्न पडतो तो चौघांतल्या एकालाच अडवलं तर. अमेरिकन जॅझ पियानोवाला डेव्ह ब्रूबेक १९५८ च्या दौऱ्यात मुंबईतही वाजवून गेला, तेव्हा त्याचा बासवाला यूजीन राइट सोबत होता. हा एकटा काळा, बाकी तिघं गोरे. १९६० मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या विद्यापीठांनी कळवलं की बासवाला गोरा आणा. ब्रूबेकनं नकार दिला आणि जवळजवळ सगळा दौरा पाण्यात गेला. मी वीस हजारांच्या बिदागीसाठी काय केलं असतं, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच हॉटेलच्या पार्किंगमध्ये वेटर, माळी आणि आम्ही टेनिस बॉलवर खेळलो. बोलिंगला कालचाच माणूस. एक बॉल खडीवरून उसळला तो थेट माझ्या खालच्या ओठावर. सॅक्सची रीड, म्हणजे फुंकताना थरथरणारी पट्टी, टेकते ती त्याच ओठावर. मी तिथंच खाली बसलो. तो माणूस किचनमधून बर्फ घेऊन धावत आला आणि रुमालात गुंडाळून देताना त्यानं पहिल्यांदा माझं नाव विचारलं. त्या रात्रीचे निम्मे सोलो गिटारवाल्याला दिले, माझ्या वाट्याला फक्त संथ गाणी.

तर मंडळी, वाजवायला, गायला, नाटकाला, खेळायला, कशाहीसाठी गावोगाव फिरला असाल तर लिहा. स्टेजवर काय झालं ते नको. आत कुठून घेतलं, जेवायला कुठं बसवलं, आणि मैदानात काय झालं ते हवंय.

बोटं_जपा

आमच्या ऑर्केस्ट्रात दौऱ्यावर बॉक्स क्रिकेट ठरलेलं. नियम असे : कीबोर्डवाल्यानं कॅच घ्यायचा नाही, बॉल पायानं अडवला तरी चालेल. ट्रम्पेटवाल्यानं विकेटकीपिंग करायचं नाही. गायकानं अपील करायचं नाही. मग खेळणार कोण? तर साउंडवाले. दर वेळी तेच जिंकतात.

बँडपुत्र

आम्ही कराडकडचे. वडील ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, सोनेरी झालर, आणि पायात स्वतःच्या स्लिपर. कारण मालक कोट द्यायचा, बूट नाही. क्लॅरिनेट मेरठहून मागवलेली होती, तिची पेटी आजही माळ्यावर आहे.

श्रीवंदनाला नवरदेव घोड्यावर, पुढे आम्ही. मी दहाएक वर्षांचा असताना खुळखुळा घेऊन जायचो, तेवढेच वीस रुपये. मारुतीच्या देवळाशी आलं की बँड पाराखाली थांबायचा आणि नवरदेव आत जायचा. थांबा म्हणून कुणी सांगत नसे. सगळ्यांना कुठं थांबायचं ते पाठ होतं. पंगती उठत राहायच्या आणि आमचं बोलावणं शेवटी. "बँडवाल्यांना वाढा रे" अशी हाक आली की बुंदी संपलेली असायची. एका गावात पाणी प्यायला दिलेला तांब्या जातानाच वडिलांनी स्वतः घासून वळचणीला पालथा घातला. मी विचारलं, "आपण का घासायचा?" ते म्हणाले, "चल, एसटी चुकेल."

हेच वडील गावच्या टीमचे पहिले बोलर. डावखुरे, यॉर्कर असा पडायचा की बॅट खाली यायच्या आत स्टंप उडालेला. शेजारच्या गावाशी मॅच असली की पाटलांचा पोरगा मोटरसायकल घेऊन आमच्या दारात यायचा. मॅच जिंकली की वडील खांद्यावर. मग चहा यायचा. बाकी दहा जण ओट्यावर कपबशीत, वडिलांना पत्र्याच्या डब्याच्या झाकणात. हे १९८८-८९ चं सांगतोय, फार जुनं नाही.

मोठेपणी बाळू पालवणकरांबद्दल वाचलं. पुण्यात इंग्रजांना नेटमध्ये बोलिंग टाकून तयार झालेला चर्मकार समाजातला माणूस. तेव्हा टीम धर्मावर असायच्या; हिंदूंच्या टीमनं त्याला घेतलं, पण चहा पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरच्या वर विकेट काढल्या. तरी हिंदूंच्या टीमचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही, ते पुढे १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. मी वडिलांना हे वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "डावखुरा होता का?" होता म्हटलं. त्याचं त्यांना फार बरं वाटलं.

किटवाली

मी ड्रम्स वाजवते. कुठंही सेट लावायला गेले की साउंडवाला माइक घेऊन समोर उभा. "मॅडम, गाणार तुम्हीच ना?" आता मी उत्तर देत नाही. बास ड्रमवर दोनदा पाय मारते, तो आपोआप मागे सरकतो.

दौऱ्याचं माझं गणित वेगळं आहे. पुणे ते नागपूर रात्रीच्या गाडीत पाणी किती प्यायचं, पुढच्या पंपावर बायकांच्या संडासाला कडी असेल का, सोबत कोण येईल. बाकीचे चौघं ढाब्यावर चहाचे दोन-दोन ग्लास रिचवतात आणि मी तोंड ओलं करते. एका जिल्ह्याच्या ठिकाणी लॉजवाल्यानं "एकट्या बाईला रूम देत नाही" म्हणून रजिस्टर मिटलं. बँडमधल्या एकानं "ही माझी बहीण" सांगितल्यावर किल्ली मिळाली. मला राग लॉजवाल्यापेक्षा त्याचा आला, कारण नंतर गाडीत तो त्याचा किस्सा करून सांगत होता.

खेळाचं म्हणाल तर कॉलेजात फुटबॉल खेळायचे, त्या पोटऱ्या आज पेडलला कामी येतात.

मिडवेस्टी

मी मूळचा डोंबिवलीचा, हल्ली कॅन्सस सिटीत. वाजवत काही नाही, पण इथल्या एका जागेबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. अठरावा रस्ता आणि वाइन स्ट्रीट, जुनी काळ्या लोकांची वस्ती. तिथं एकाच इमारतीत दोन संग्रहालयं आहेत, डावीउजवीकडे. एक जॅझचं, दुसरं निग्रो लीग बेसबॉलचं. गोऱ्यांच्या लीगमध्ये घेत नव्हते म्हणून १९२० मध्ये जवळच्याच वायएमसीएत बसून काळ्या क्लबवाल्यांनी आपली लीग काढली. काळा खेळाडू जॅकी रॉबिन्सन १९४५ मध्ये इथल्याच मोनार्क्स टीमकडून खेळला, आणि १९४७ मध्ये ब्रुकलिनच्या टीमनं त्याला गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये उतरवलं.

बेसबॉलच्या भागात शिरलात की मैदान लगेच दिसतं. ब्राँझचे खेळाडू आपापल्या जागी उभे. पण मध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी. त्या मैदानाला वळसा घालत सगळा इतिहास वाचत जायचं, दौऱ्याच्या बसगाड्या, कुठं जेवण मिळालं, कुठं नाही. अगदी शेवटी एक वाट उघडते आणि तुम्ही मैदानात पाय ठेवता. माझी मुलगी सात वर्षांची. तिनं जाळीशीच विचारलं, "आत का जाऊ देत नाहीत?" वाचायच्या आधीच तिला कळलं.

जॅझच्या भागात थोर आल्टोवाला चार्ली पार्कर याचा सॅक्सोफोन आहे, चक्क प्लॅस्टिकचा, पांढुरका. हाच त्यानं १५ मे १९५३ ला टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये वाजवला. धागाकर्त्यांना आवडेल असा भाग पुढे आहे. त्याच रात्री शिकागोत मार्सियानो आणि वॉलकॉटची बॉक्सिंगची हेवीवेट लढत होती, त्यामुळे हॉल अर्धा रिकामा. मध्यंतरात त्याच्यासोबतचा ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी लढतीचं काय झालं बघायला समोरच्या बारमध्ये गेला. पण मार्सियानोनं वॉलकॉटला पहिल्याच फेरीत आडवं केलं होतं.

आल्टो_अलिबाग

@मिडवेस्टी, रिकामा हॉल ऐकून बरं वाटलं. भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी ठाण्यात आम्ही अकरा श्रोत्यांपुढे वाजवलंय, त्यातले तीन आमच्या घरचे.

वसईवाला_दाजी

वय सत्तरीच्या पुढे, टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. वडील वसईचे, आई गोव्यातल्या सासष्टीची. मामा ट्रम्पेटवाला. चर्चच्या शाळेत छडी खात सोल्फेज (डो-रे-मी सुरांचं वाचन) शिकला आणि मुंबईला धोबी तलावच्या कुडीत येऊन राहिला. कूड म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेली खोली. ज्याची त्याची ट्रंक भिंतीला, झोपायचं जमिनीवर, संध्याकाळी रोझरीला हजर राहायचं. निम्मे बोटीवरचे खलाशी, निम्मे वाजवणारे. उन्हाळ्यात हॉटेलांच्या बँडबरोबर मसुरीला, शिमल्याला जायचे, पावसाच्या आधी परत. दारूबंदी आली तशी मुंबईतल्या हॉटेलांची कामं आटली आणि ही सगळी मंडळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगकडे वळली. नावाजलेला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट सी. रामचंद्रांकडे होता, मामा तसल्याच कुठल्या तरी मागच्या रांगेत. रेडिओवर गाणं लागलं की मामी म्हणायची, "हा तुझा मामा." रेकॉर्डवर नाव कुठंच नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मला कूपरेजला न्यायचा, फुटबॉलचा रोव्हर्स कप बघायला. सगळं मैदान शिट्ट्या मारायचं, मामा कधी नाही. ओठ.

एकाच गावच्या दोन कुडी का, असं मी एकदा विचारलं. मामानं खारे शेंगदाणे घेतले आणि विषय बदलला. कुठली कूड कुणाची ते पुढे आईनं सांगितलं. पाण्यानं बाप्तिस्मा होतो, जात धुतली जात नाही, हे मला तेव्हा समजलं.

किटवाली

@बँडपुत्र, वडील अजून वाजवतात का हो?

बँडपुत्र

नाही ताई. पुढचे दात गेले, क्लॅरिनेट धरता येत नाही. कवळीनं प्रयत्न केला, तर कवळीच निसटायला लागली, हसून हसून पुरेवाट. संध्याकाळी पोरांच्या मॅचला खुर्ची टाकून अंपायर म्हणून बसतात. आमच्याकडे टेनिस बॉलला एलबीडब्ल्यू नसतो, तरी ते देतात. भांडणं होतात. मॅच संपली की टपरीवरनं चहा येतो, पोरांना कागदी कपात आणि त्यांना कपबशीत. ते बशीत ओतून पितात.