लोणारचं पाणी वाढलंय, मग लोक काळजी कशाची करतायत?

जालनेकर:
मागच्या आठवड्यात आईला घेऊन लोणारला गेलो होतो. शाळेच्या सहलीत आलो तेव्हा कमळजा देवीच्या देवळापासून पाणी लांब होतं, मधे चिखल नि पांढरा क्षार, आता पाणी पार देवळाला टेकलंय. मला तर बरंच वाटलं, आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना पाणी वाढलेलं कधी वाईट वाटतं का? पण वर चहावाले काका म्हणाले सरोवराचं वाटोळं होतंय. नक्की काय भानगड आहे?

मेहकरची_मी:
काका बरोबर बोलले दादा. उल्का पडून काळ्या पाषाणात झालेला खड्डा आहे तो, १.८ किमीच्या आसपास रुंद, पाणी आत येतं पण बाहेर जायला वाटच नाही, वाफ होऊन उडतं नि क्षार मागे राहतात, म्हणून ते इतकं खारं नि अल्कधर्मी (साबणाच्या पाण्यासारखं), पीएच १० च्या आसपास. त्यात जगणारे जीवच वेगळे. जून २०२० मधे पाणी गुलाबी झालं होतं आठवतंय? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तर हॅलोआर्किया नावाचे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव निघाले, ते खारटपणा वाढला की फोफावतात. गोडं पाणी शिरलं की हा खारटपणाच पातळ होतो, मग राहिलं काय लोणारचं?

रानवाटा:
आणि नुसतं गोडं पाणी असतं तरी एकवेळ ठीक. गावाचं सांडपाणी, शेतातला युरिया, धारेवर, म्हणजे तिथल्या बारमाही झऱ्यावर, साबण लावून अंघोळी, सगळं उतारानं तिथेच जातं. २००० पासून अभयारण्य आहे, २०२० ला रामसर म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आलं, नागपूर खंडपीठात केस चालू, तरी हे. वर वेडी बाभूळ सगळीकडे माजलेली, ती काढायलाच किती वर्षं गेली.

विहीरवाला:
सगळं सांडपाण्यावर ढकलू नका. मधे काही वर्षं पाऊसही दणकून झाला, झरे जोरात वाहिले. कुठून किती पाणी येतं ते झऱ्याझऱ्यावर बारा महिने मोजा, मग उपाय ठरवा. झरेच अडवायला निघालात तर दुष्काळात सरोवर आटेल.

मेहकरची_मी:
मोजा की, पण सांडपाण्याला मोजणीची वाट कशाला बघायची? ते आजच बंद व्हायला पाहिजे.

जालनेकर:
हे सगळं माहीतच नव्हतं. धारेवर आईने साबणाने हातपाय धुतले, मी शेजारीच उभा होतो, वाईट वाटतंय आता. नवरात्रात आमच्या गल्लीतल्या बायका गाडी करून जातात, त्यांना आधीच सांगतो साबण, शाम्पूच्या पुड्या घरी ठेवा म्हणून.