सिरपूर तलावावर फटाकडीचा फोटो: कुठे आणि किती वेळ बसायचं?

राजवाडा_लेन्स
इंदूरच्या सिरपूर तलावावर पाणकणसांच्या कडेला बेलन्स क्रेक, म्हणजे छोटी फटाकडी हे पाणपाखरू दिसतं. पण कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत आत शिरते. फोटो येतात ते पाठमोरे, नाहीतर फोकस पुढच्या पात्यावर. क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरची) बॉडी आणि १५०-६०० मिमी लेन्स आहे. एका जागी किती वेळ बसावं? मोबाइलवर तिचा आवाज लावला तर बाहेर येते म्हणतात, लावावा का?

माळवी_पाणथळ
आवाज अजिबात लावू नका. दुसरी फटाकडी आली समजून ती चरणं सोडते, नाहीतर आणखी आत दडते. सिरपूर २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, रविवारी तिथे कॅमेरेही भरपूर असतात. प्रत्येकाने एकदाच लावला तरी त्या पाखराची सकाळ गेली.

जागा आधी हेरून ठेवा. पाणी ओसरतं तसा पाणकणसांपुढे ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो, ती तिथे चरते. चिखलात बारीक, लांब बोटांचे ठसे शोधा. तिची येण्याजाण्याची वाट बहुधा ठरलेली असते. त्या वाटेपासून ८-१० मीटरवर, सूर्य पाठीशी येईल असं बसा. सकाळी म्हणजे पट्ट्याच्या पूर्वेला. जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो, तेव्हा साडेसहाला जागेवर असा. उजाडल्यावर पोचलात तर ती तुम्हाला चालत येताना बघते आणि निम्मी सकाळ वाया जाते.

दोन तास तरी उठू नका. ती आत गेली की लोक वैतागून जागा बदलतात, तिथेच सगळं बिघडतं. लेन्स त्याच फटीवर रोखलेली ठेवा, नजर ढोकरी आणि वारकरी या पाखरांवर. ते निवांत चरायला लागले की समजा तुमची दखल घेणं थांबलं. हात हलवायचा तो फटाकडीचं डोकं खाली असताना.

तळ्याकाठी
पात्यावर फोकस जातो त्याचं कारण रुंद एएफ (ऑटोफोकस) क्षेत्र. एकच छोटा बिंदू निवडा, बॅक-बटन फोकस (शटरऐवजी मागच्या बटणाने फोकस) ठेवा. लेन्सवरचा लिमिटर, म्हणजे फोकसचं अंतर मर्यादित करणारा खटकाही बघा: ‘१० मीटर ते अनंत’वर राहिला असेल तर जवळ आलेल्या पाखरावर फोकस लागणारच नाही.

शटर १/१०००, कारण ती सतत मान आणि शेपटी झटकते. थबकली की १/५०० चालतं. छिद्र (अॅपर्चर) एफ/६.३, ऑटो आयएसओची मर्यादा ६४००. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन गडद पाणकणसांत -०.७, मागे चमकतं पाणी असेल तर +०.७. १० मीटरवर ६०० मिमीला क्रॉप बॉडीची चौकट जेमतेम ४० सेंमी रुंद भरते आणि पाखरू १७-१८ सेंमीचं, त्यामुळे आणखी जवळ सरकायची गरज नाही. सायलेंट शटर असेल तर तेच वापरा. ऊन चढलं की चिखलावरची हवा थरथरते. मग शटर कितीही वाढवा, पिसं मऊच येतात. त्या वेळी गुंडाळलेलं बरं.

राजवाडा_लेन्स
ट्रायपॉड चालेल का?

माळवी_पाणथळ
पाय पूर्ण पसरून जमिनीलगत होत असेल तर चालेल. नाहीतर बीनबॅग घ्या, दीड-दोन किलोची. तांदूळ भरू नका, दवाने ओलावा धरून बुरशी येते. प्लॅस्टिकचे दाणे बरे. लेन्स पाखराच्या डोळ्याच्या उंचीला हवी, वरून घेतलेल्या फोटोत नुसता चिखल दिसतो. बसायला जाड प्लॅस्टिक न्या; कपडे ओले झाले की माणूस चुळबुळ करतो.