मदत हवी आहे: शाळेच्या फॉर्मवर वडिलांचं नाव, आणि मृत्युपत्रातला गार्डियन

नमस्कार मंडळी, आम्ही मुलुंडला राहतो, मी, माझी पार्टनर आणि आमची लेक, सीनियर केजीत आहे. दत्तक कागदोपत्री मी एकटीनेच घेतलीये, कारण कारा (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) च्या 2022 च्या नियमांत एकट्या बाईला मूल मिळतं पण जोडप्याला लग्नाची किमान दोन वर्षं लागतात आणि आमचं लग्न कायद्यात बसतच नाही, ऑक्टोबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने एकत्र दत्तकालाही 3 विरुद्ध 2 ने नाहीच म्हटलं. म्हणजे जी रोज डबा भरते, ताप आला की रात्रभर पट्ट्या ठेवते ती कागदावर कुणीच नाही.

लेकीला स्वतःला काही प्रॉब्लेम नाहीये हां. परवा शाळेतून फॅमिली ट्रीचा चार्ट आला, बाबांची चौकट छापलेली, तिने तिथे मम्माचा, म्हणजे माझ्या पार्टनरचा, चष्मावाला फोटो चिकटवला आणि उरलेल्या जागेत मांजर काढली. टीचर काही बोलल्या नाहीत. पण पहिलीच्या फॉर्मवर वडिलांचं नाव कंपल्सरी, ऑफिसमधल्या बाई म्हणतात कायतरी लिहाच. कायतरी म्हणजे काय, शेजारच्या काकांचं लिहू?

सिंगल मदर असलेल्यांनी हे कसं निभावलं, नुसतं दत्तक ऑर्डर दाखवून भागतं का? आणि मेन म्हणजे मृत्युपत्रात पार्टनरला गार्डियन नेमता येतं म्हणतात, कोणी केलंय का, उद्या माझा भाऊ कोर्टात गेला तर ते टिकेल का? ठाणे ते दादर पट्ट्यातला फॅमिली मॅटरचा वकील माहीत असेल तर इनबॉक्स करा प्लीज. संस्कृतीचे डोस नकोत, ते घरून रोज मिळतात.