मदत हवी आहे: कूतच्या वेढ्यातले पणजोबा

नमस्कार मंडळी. आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला (आजचा इराक) गेले ते परतलेच नाहीत. घरात त्यांचं पदक आहे, कडेवर नंबर, नाव आणि ११० मराठा पलटण कोरलेली. ही पलटण तिथल्या कूत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपाशी अडकली होती. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, मग कैद्यांची वाळवंटातून पायपीट. ते वेढ्यात गेले की त्या वाटेवर? पणजीने कुंकू शेवटपर्यंत पुसलं नाही म्हणतात. बसऱ्याच्या स्मारकावर अधिकाऱ्यांची नावं कोरलीत, साध्या हिंदी शिपायांची नुसती संख्या (संताप येतो!). बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला नंबर कळवला तर नोंद मिळते का? कैद्यांच्या याद्या कुठे बघाव्यात? कुणी असा शोध घेतला असेल तर कृपया सांगा.