कंस सुटला की वारस वाढले

संगणक आल्यावर तलाठ्यांचं काम निम्म्यावर आलं, असं एकांनी लिहिलंय. लेखनाचा त्रास वाचला हे खरं. पूर्वी दर दहा वर्षांनी अख्ख्या गावचे सातबारे हातानं नव्यानं उतरवावे लागत. पण जुनं दप्तर संगणकात चढवणं म्हणजे नुसती टायपिंग नव्हती, आणि खरी कसोटी तिथंच लागली.

हस्तलिखित सातबाऱ्यावर जमीन दुसऱ्याच्या नावे झाली की जुन्या नावाला कंस करायचा, खाली नवं नाव आणि वर्तुळात फेरफार (मालकीबदलाच्या नोंदीचा) क्रमांक. हा कंस पुसट झालेला असला की ऑपरेटर जुनं नावही चालू खातेदार म्हणून चढवायचा. गटाचं क्षेत्र २ हेक्टर ४० आर, दोन भावांचे १.२० आणि १.२०, वर बापाचे २.४० तसेच! बेरीज ४.८०. दुसरी चूक दशांशाची: ८ आर म्हणजे ०.०८ हेक्टर, ते ०.८ टाकलं की ८० आर. जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडे एका गावात एकाच आडनावाची निम्मी घरं. ‘चौधरी’ची वेलांटी बदलली की आठ-अ ला, म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीच्या उताऱ्याला, एकाच माणसाची दोन खाती.

दुरुस्तीला आधी नमुना ६ (फेरफार नोंदवही) काढून फेरफार बघायचा, मग हस्तलिखिताशी ताळा, मग तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ चा (लेखनातली चूक दुरुस्त करण्याचा) प्रस्ताव. मोडी किंवा घाईतलं अक्षर लावायला मात्र जुने भाऊसाहेबच, म्हणजे जुने तलाठीच, लागत. कीबोर्डला बिचकणारे तेच, अन् अडलं की बोलावणंही त्यांनाच.