मदत हवी आहे: एका नटीच्या जोडीदारणीला मंचावर काय म्हणायचं?

परभणीत आम्ही चौघी शार्लट कुशमन (१८१६–१८७६) या अमेरिकन नटीवर एकांकिका बसवतोय. १८४५ साली लंडनमध्ये ती रोमिओ झाली, ज्युलिएट तिची सख्खी बहीण. बालगंधर्व माहीत असलेल्या आपल्या प्रेक्षकांना एवढं लगेच कळतं. अडचण पुढे आहे. आधी लेखिका मॅटिल्डा हेज, नंतर शिल्पकार एमा स्टेबिन्स, अशा बायकांसोबतच तिने संसार केला. तिच्या मागे एमानेच तिच्या आठवणींचं पुस्तक काढलं, १८७८ मध्ये.

आता शार्लटने एमाची ओळख करून द्यायचीय. ‘मैत्रीण’ म्हटलं की प्रेमच गळून पडतं. ‘सखी’ म्हटल्यावर वाचनाला आलेल्या बायकांना ओवी आठवली. ‘समलिंगी’ त्या काळच्या तोंडी शोभत नाही. मला ‘बायको’ सगळ्यात खरा वाटतो, पण एमा करणारी विचारते, मग शार्लट नवरा का? तिचं बरोबर आहे.

निवेदक नाही, भाषा इकडचीच ठेवायचीय, आणि नातं झाकायचं नाही, हे ठरलंय.

अशा दोघींसाठी मराठवाड्यात बायकांच्या बोलण्यात एखादा शब्द ऐकलाय का? नसेल तर ‘बायको’ ठेवून, दुसरी नवरा वाटणार नाही असं वाक्य कसं बांधाल?